पंपाखालचे छिद्र

पाण्याने थंड होणाऱ्या मोटरसायकलचे इंजिन खाली वाकून न्याहाळले, तर पाण्याच्या पंपाच्या बुडाशी काडेपेटीतल्या काडीएवढे एक छिद्र दिसते. त्याला बूच नसते, झाकण नसते, आटेही नसतात. नव्या गाडीत ते कोरडे असते. दहा-बारा वर्षांनी कधीतरी त्यातून थेंब गळू लागतो आणि गाडी उभी असते तेथे जमिनीवर डाग पडतो. मग पुष्कळदा सर्वांत सोपा वाटणारा उपाय केला जातो. एम-सीलसारखा लेप कालवून ते छिद्र बुजवले जाते. गळती थांबते, मालक निश्चिंत होतो. पुढे एके दिवशी इंजिनातले तेल तपासावे, तर ते दुधाच्या चहासारखे दिसते. तोवर आतल्या बेअरिंगांचे नुकसान होऊन गेलेले असते.

छिद्र बुजवल्याने इंजिन का बिघडावे? ते छिद्र तेथे कोणी आणि कशासाठी ठेवले? याचे उत्तर शोधताना आपण मोटरसायकलीपासून बरेच मागे, थेट विहिरीच्या काठापर्यंत जाऊन पोहोचतो.

दोन कामे, दोन पंप

पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते तिच्यापैकी साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्साच चाक फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या सेकंदाला १३० हून अधिक वेळा खालीवर होतो. अशा वेळी दोन गोष्टी अखंड पुरवाव्या लागतात. घासणाऱ्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर हवा आणि तापलेल्या भागांपासून उष्णता वाहून नेणारे पाणी हवे. म्हणून अशा इंजिनात दोन पंप असतात, एक तेलाचा व एक पाण्याचा.

हे दोन्ही पंप जातीनेच वेगळे आहेत. तेलाचा पंप कोंडून ढकलणारा असतो. दात्यांच्या किंवा पाकळ्यांच्या मधल्या पोकळीत तेल सापडते, पोकळी लहान होत जाते आणि तेल पुढे रेटले जाते. दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे जाणारच. त्याची वाट बंद केली, तर दाब वाढत जाऊन काहीतरी फुटेल. म्हणून या पंपाबरोबर जादा दाब सोडून देणारी झडप ठेवावी लागते. पाण्याचा पंप मात्र भिरकावणारा, म्हणजे केंद्रोत्सारी असतो. त्यातला पंखा पाण्याला गरगर फिरवतो, पाणी कडेकडे फेकले जाते आणि मध्यभागी नवे पाणी ओढले जाते. याची वाट बंद केली तरी फुटत काही नाही. पाणी आतल्या आत घुसळत राहते.

या फरकामुळे दोघांचे आजारही वेगळे. तेलाच्या पंपाचे आरोग्य त्याच्या आतल्या फटीवर अवलंबून असते. लहान चारस्ट्रोक इंजिनांच्या पंपात दोन पाकळीदार चकत्यांच्या टोकांमधली फट साधारणपणे ०.१५ मिलिमीटर असते. ती ०.२० मिलिमीटरच्या पुढे गेली, की बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका चकत्या बदलायला सांगतात. वहीच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे चांगला पंप आणि बाद पंप यांच्यामध्ये कागदाच्या अर्ध्या जाडीएवढेच अंतर आहे! फट वाढली, की तेल पुढे जाण्याऐवजी तिच्यातून मागे सरकते. इंजिन तापून तेल पातळ झाल्यावर तर अधिकच.

पाण्याच्या पंपाच्या पंख्याला एवढी तंग फट लागत नाही. त्याचे दुखणे निराळ्याच ठिकाणी असते. पंखा पाण्यात असतो, पण त्याला फिरवणारा दांडा बाहेरून येतो. दांडा फिरायला तर हवा, पण त्याच्या कडेने पाणी बाहेर यायला नको. पंपांच्या इतिहासातला हा सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट प्रश्न आहे.

मोटेपासून पंपापर्यंत

परभणी जिल्ह्यातला पालम तालुका गोदावरीच्या दक्षिणेला आहे. गंगाखेडहून लोह्याकडे जाणारा रस्ता पालमवरून जातो. वर काळी जमीन आणि खाली बेसाल्टचा खडक असा हा मुलूख. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणे येथल्या विहिरींवरही बैलांच्या मोटा चालत. चामड्याची मोट वर येईपर्यंत थोडे पाणी सांडायचेच, आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नसे.

कोंडून ढकलणाऱ्या पंपाची कल्पना फार जुनी आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या क्टेसिबियसने दट्ट्या आणि झडपा असलेला जोडपंप बनवला असे मानले जाते. अल्-जझारी या यंत्रज्ञाने १२०६ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात दोन दट्ट्यांच्या पंपाचे वर्णन आहे. केंद्रोत्सारी पंप त्या मानाने अलीकडचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस देनी पापँ याने तो करून पाहिला. पण त्याचे खरे नाव झाले ते १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात. तेथे जॉन अ‍ॅपोल्डने पंख्याची पाती वाकडी करून दाखवली. सरळ पात्यांच्या पंपापेक्षा त्याच्या पंपाची कार्यक्षमता दुपटीहून अधिक भरली.

महाराष्ट्रात हा पंप शेतापर्यंत पोहोचला त्यात किर्लोस्करांचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १९०३ मध्ये त्यांचा लोखंडी नांगर बाजारात आला. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळरानावर, किर्लोस्करवाडी वसली. १९२० च्या दशकात त्या कारखान्यात केंद्रोत्सारी पंप तयार होऊ लागले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. पंपाला जोडायला डिझेल इंजिन मिळाले आणि वीज न पोहोचलेल्या गावांतही विहिरीवर यंत्र बसू लागले.

थेंब गळायलाच हवा

शेतावरच्या जुन्या पंपाजवळ बसून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. जेथे दांडा पंपाच्या पोटात शिरतो, तेथून पाण्याचे थेंब पडत असतात. त्या जागेला ग्लँड म्हणतात. दांड्याभोवती चरबी किंवा ग्राफाइट लावलेल्या दोरीचे वेढे बसवतात आणि दोन नटांनी ते आवळतात. दांडा दोरीवर घासतो, तापतो. त्याला थंड ठेवण्याचे व वंगण देण्याचे काम झिरपणारे पाणीच करते. म्हणून ग्लँडमधून थेंब-थेंब गळायलाच हवे, असा नियम आहे.

हा नियम ठाऊक नसलेला माणूस पाना घेऊन नट आवळतो. गळती बंद होते. पण आता दोरी कोरडी पडते, जळते आणि दांड्यावर चरे पाडते. मग नवी दोरी घालूनही गळती थांबत नाही, कारण बिघाड दोरीतून दांड्यात गेलेला असतो. मोटरसायकलच्या छिद्रावर लेप थापणारा आणि हा नट आवळणारा, दोघांची चूक एकच आहे. दोघेही खुणेलाच रोग समजतात.

दोरीला पर्याय म्हणून विसाव्या शतकात ‘मेकॅनिकल सील’ पुढे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींच्या पाण्याच्या पंपांत ते सर्रास दिसू लागले. त्याची कल्पना सुरेख आहे. दांड्याला कडेने आवळण्याऐवजी दोन अतिशय सपाट कड्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या. एक कडी दांड्याबरोबर फिरते, दुसरी जागेवर स्थिर असते. सहसा एक कार्बनची असते आणि दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. मागून एक स्प्रिंग त्यांना हलकेच एकमेकींवर दाबते. दोघींमध्ये पाण्याचा एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, थर राहतो. तोच थर वंगणाचे काम करतो आणि तोच पाण्याला अडवतोही.

म्हणजे येथेही पाणी झिरपतेच. फक्त ते इतके थोडे असते, की बाहेर येता येता वाफ होऊन जाते.

मोटरसायकलला पंप कसे मिळाले

अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलींवर तेलाचा पंप हाताने चालवावा लागे. काही मैल गेले, की चालकाने टाकीजवळचा दट्ट्या दाबून इंजिनात तेल सोडायचे. ते तेल जळून किंवा गळून संपायचे, परत टाकीत येत नसे. विसरले तर इंजिन जाम, जास्त दाबले तर धुराचा लोट. पुढे इंजिनानेच चालणारे पंप आले आणि तेल फिरून पुन्हा टाकीत येऊ लागले.

आपल्याकडे याचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे बुलेट. रॉयल एन्फिल्डने इंग्लंडात हे नाव १९३२ मध्ये वापरात आणले आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. बिडाच्या इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये तेलासाठी दट्ट्याचे दोन पंप होते. एक तेल पुरवणारा, दुसरा खाली साठलेले तेल परत टाकीकडे पाठवणारा. परत पाठवणाऱ्याची क्षमता मुद्दाम जास्त ठेवलेली असे, म्हणजे खाली तेल तुंबायला नको. क्टेसिबियसच्या घराण्यातलेच हे पंप. त्यांना वेगळ्या झडपा नव्हत्या. दट्ट्याबरोबर डुलणारी एक गोल चकती सपाट बैठकीवर सरकून तेलाच्या वाटा उघडायची व मिटायची. ही चकती झिजली, की उभ्या गाडीतही तेल हळूहळू खाली उतरे आणि सुरू करताच पांढऱ्या धुराचा ढग निघे. जाणकार मिस्त्री चकती बारीक पेस्टने बैठकीवर घासून पुन्हा सपाट करत. सपाट तोंडाला सपाट तोंड लावून द्रव अडवायचा, हे मेकॅनिकल सीलचेच तत्त्व त्यांच्या हाती होते.

जावा, येझदी, राजदूत या दोनस्ट्रोक गाड्यांनी हा प्रश्नच टाळला. त्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या चारस्ट्रोक गाडीबरोबर पाकळीदार चकत्यांचा छोटा पंप घराघरांत पोहोचला. त्याच वर्षी मराठवाड्यात, वाळूज येथे, बजाजचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला.

या साऱ्या गाड्या वाऱ्याने थंड होणाऱ्या होत्या. पाण्याचा वापर परदेशात बराच आधी झाला होता. यॉर्कशरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉटने १९०८ पासून पाण्याने थंड होणारी मोटरसायकल विकली, पण तिला पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, थंड झालेले खाली उतरे. खेड्यातल्या पिठाच्या गिरणीत डिझेल इंजिनाशेजारी पाण्याची टाकी असे, तेथेही हेच घडे. पण ही चाल संथ असते. इंजिने लहान आणि जोरकस झाली तशी पाण्याला ढकलणाऱ्याची गरज भासली. सुझुकीच्या १९७१ च्या जीटी ७५० मध्ये पाण्याचा पंप होता.

एकाच दांड्यावर

१९८३ मध्ये बीएमडब्ल्यूने के १०० ही चार सिलिंडरांची मोटरसायकल आणली. तिच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक जोडपंप आहे. एकाच दांड्यावर मागे तेल ढकलणारी दात्यांची चाके आणि पुढे पाणी भिरकावणारा पंखा. जागा वाचली, भाग कमी झाले. पण पाणी आणि तेल एकमेकांचे अगदी शेजारी आले, आणि ते कधीही एकत्र येता कामा नयेत.

का, ते पाहू. फिरणारा दांडा आणि त्याची बेअरिंग यांना तेलाचा थर वेगळे ठेवतो. त्यात पाणी मिसळले, की दुधासारखे मिश्रण बनते. हा थर भार पेलू शकत नाही, धातू धातूला लागतो. पाण्याने गंजही चढतो.

म्हणून या पंपात दांड्याभोवती दोन सील आहेत. तेलाच्या बाजूला रबरी ओठाचे, पाण्याच्या बाजूला कार्बनच्या कडीचे. दोन्ही कधीतरी झिजणार हे आरेखन करणाऱ्यांना माहीत होते. तेव्हा त्यांनी दोन सीलांच्या मध्ये थोडी मोकळी जागा ठेवली आणि तिच्या तळाशी छिद्र पाडले. पाण्याचे सील गेले, तर पाणी पुढच्या सीलावर दाब न देता छिद्रातून बाहेर पडावे. तेलाचे सील गेले, तर तेलही तेथूनच गळावे. दोघे एकमेकांना भेटण्याआधीच बाहेर पडावेत आणि मालकाला दिसावेत, एवढाच त्या छिद्राचा उद्देश. ते बुजवले, की मधल्या जागेत पाणी साठते आणि उरलेल्या एका सीलावरून आत शिरते.

भारतात अशी रचना सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली ती पुष्कळ नंतर. २००८ मध्ये यामाहाची आर १५ आली. २०१२ मध्ये चाकणच्या बजाज कारखान्यात केटीएम ड्यूक २०० तयार होऊ लागली आणि त्याच वर्षी पल्सर २०० एनएस आली. पहिल्या मालकांनी विकलेल्या अशा गाड्या आज मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावी येतात. वाऱ्याने थंड होणाऱ्या गाड्यांवर हात बसलेल्या गॅरेजात हे छिद्र नवखे असते. पालमसारख्या ठिकाणी त्याचा अर्थ समजणे म्हणूनच महत्त्वाचे. थोडक्या किमतीचे सील वेळेवर बदलले, तर सबंध इंजिन उघडण्याचा खर्च वाचतो.

पंप उघडताना

काम फार अवघड नाही, पण निगुतीने करायचे असते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या पाण्याचे झाकण कधीही उघडू नये. त्याच्या स्प्रिंगमुळे आत प्रेशर कुकरसारखा दाब असतो आणि म्हणूनच पाणी १०० अंशांच्या पुढेही न उकळता राहते. झाकण उघडताच ते उसळून अंगावर येते. पाणी आणि तेल काढून घेतल्यावर पंपाचे कव्हर व पंखा काढावा.

नंतर दांडा पाहावा. जेथे रबरी सीलाचा ओठ फिरतो तेथे नख फिरवावे. नख अडकेल एवढी खाच पडली असेल, तर नवे सीलही गळणार, दांडाच बदलायला हवा. दांडा आडवा हलवून पाहावा. बेअरिंग ढिले असेल तर दांडा डगमगतो आणि कार्बनची कडी एकसारखी टेकत नाही. जुने सील काढताना घराला ओरखडा पडू देऊ नये. नवे सील कडेवर सारखा दाब देऊन सरळ बसवावे, थेट हातोडीने ठोकू नये. रबरी सीलाचा स्प्रिंग असलेला ओठ तेलाकडे असावा. कार्बनच्या तोंडाला बोट लावू नये, बोटाची धूळ आणि मेण तेथे खपत नाही.

तेलाच्या पंपात पात्यांच्या गेजने फट मोजावी आणि जोडताना आत स्वच्छ तेल भरावे. कोरडा पंप सुरुवातीला तेल ओढत नाही, आणि ते पहिले काही क्षणच इंजिनाला महाग पडतात.

शेवटी पाणी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी यात घालू नये. बेसाल्टमधून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. तापल्यावर घरच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो येथेही बसतो. एका मायक्रॉनच्या फटीत क्षाराचा कण म्हणजे कार्बनच्या कडीवर चालणारी कानसच. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट, आणि पातळ करायचे असेल तर डिस्टिल्ड पाणी, एवढेच वापरावे.

वर्गात काय करता येईल

गॅरेजमधून बाद झालेला एखादा पंप शाळेला सहज मिळू शकतो. रॉकेलने धुऊन घेतला, की तो वर्गात हाताळता येतो. काचेचे दोन सपाट तुकडे घ्या आणि मध्ये पाण्याचा थेंब ठेवून एकमेकांवर दाबा. ते सहज सरकतात, पण ओढून वेगळे करणे कठीण जाते. मेकॅनिकल सील कसे काम करते याची कल्पना यावरून येते. काचांच्या कडा आधी घासून बोथट केलेल्या असाव्यात. पेल्यातले पाणी चमच्याने गरगर फिरवले, की कडेला चढते आणि मध्ये खळगा पडतो. केंद्रोत्सारी पंपाची सुरुवात हीच.

याशिवाय मुलांना एक कोडे घालता येईल. छिद्रातून हिरवट, पाण्यासारखा थेंब पडला तर कोणते सील गेले? काळा, बुळबुळीत थेंब पडला तर कोणते? दोन्ही पडले तर? आणि थेंब पडतच नाही, पण टाकीतले पाणी कमी होते आहे आणि तेल दुधाळ दिसते आहे, तर पहिल्यांदा काय तपासाल? रंग पाहून आणि कागदावर टिपून मुले उत्तर शोधू शकतात. कूलंट चवीला गोड पण विषारी असते, तेव्हा ते तोंडात जाणार नाही आणि काम झाल्यावर हात साबणाने धुतले जातील, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी.

शेवटच्या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे आहेत. सिलिंडरच्या माथ्याचे पॅकिंग फुटले तरी तेल दुधाळ होते. पण इंजिन उघडण्याआधी पंपाखाली वाकून ते छिद्र मोकळे आहे ना, एवढे पाहायला पैसे लागत नाहीत.